सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, पण पोरगी नॉर्मल नाही. गुरुवारी निवड चाचणीला पाठवू का?

मशीनवाली (शुक्रवार, रात्री १०:५०)

नमस्कार. मी एरवी इथे शिवणकामाच्या धाग्यांवर असते, ब्लाउजच्या कटोरीवरून भांडते. आज वेगळं विचारायचंय. लांबलंय, पण सगळं वाचा.

माझी मुलगी दहावीला आहे. कबड्डी खेळते, उजवा कोपरा, म्हणजे बचावात उजव्या टोकाला. आमचं गाव पाटणच्या अलीकडे. शाळेत मॅट नाही, सराव मातीवर, मॅट काय ती स्पर्धेत दिसते. गेल्या रविवारी कराडला किशोरी गटाचे सामने होते. दुसऱ्या डावात समोरची चढाईवाली बोनस घेऊन वळत होती. हिने तिच्या घोट्याला सूर मारला आणि त्याच क्षणी आमचीच कव्हर, म्हणजे बचावातली दुसरी मुलगी, दुसऱ्या बाजूने खाली आली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला, मी तिसऱ्या रांगेत होते, मला ऐकू आला.

कव्हरच्या भुवईतून रक्ताची धार लागली. सगळे तिच्याकडे धावले. बर्फ आणा, रुमाल आणा, गाडी काढा. तिला चार टाके पडले. माझी उठली, डोकं झटकलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. उरलेली आठ मिनिटं खेळली, दोन पकडी केल्या. सर म्हणाले, वाघीण आहे तुमची.

परत येताना जीपमध्ये तिने विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" मी म्हटलं, तीन गुणांनी. मल्हारपेठ यायच्या आत तिने परत तेच विचारलं. मला वाटलं दमलीय, झोपेत बोलतेय.

संध्याकाळी उलटी झाली, तशी परत कराड गाठलं. सीटी स्कॅन केला. नॉर्मल. डोकेदुखीची गोळी दिली, दोन दिवस आराम सांगितला. शेजारच्या काकू म्हणाल्या डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यायचं नसतं, म्हणून पहाटे तीनपर्यंत तिला जागी ठेवलं. बिचारी भिंतीला टेकून बसली होती.

आज पाचवा दिवस. ती म्हणते मी बरी आहे. पण दुपारनंतर कपाळ धरून बसते. स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करते आणि दाराच्या उजेडात भाकरी थापते. धाकट्यावर उगाच खेकसते. आणि काल जे झालं त्याने मी घाबरले. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी, दरमहा दोनशे. पैसे हीच मोजते आणि वहीत मांडते, सातवीपासून तिचं काम आहे ते. काल तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे आले. चौथ्यांदा वही भिरकावली आणि रडायला लागली. चोवीसशे रुपये हो. शंभराच्या नोटा.

येत्या गुरुवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. सर म्हणतात, स्कॅन नॉर्मल आहे ना, मग काय अडचण? तिचे वडील मुंबईत माथाडीत आहेत, फोनवर म्हणाले, तू समोर आहेस, तू ठरव. मी काय ठरवू? स्कॅनमध्ये काही नाही तर हे कशामुळे होतंय? आणि सरांना काय सांगू?

---

पट्टीचा_चढाईपटू (शनिवार, सकाळी ६:१५)

ताई, मी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लागलो. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेला पहिला माणूस. म्हणून सांगतो, जिल्ह्याची चाचणी सहज सोडायची गोष्ट नाही. किशोरी गटाला वयाची आणि वजनाची मर्यादा आहे, पुढच्या वर्षी पोरगी त्यात बसेलच असं नाही. दहावीचे खेळाचे गुण आहेत ते वेगळेच.

आम्ही मातीवर खेळलो. दात पडले, खांदे निखळले, डोकी आपटली. पाण्याचा हबका मारायचा आणि पुढची चढाई. चाचणीत दोन-तीन डावच खेळवतात. गोळी घेऊन जाऊ दे, जपून खेळ म्हणावं. बाकी तुमची मर्जी.

---

सांधेजोड (शनिवार, सकाळी ९:४०)

मशीनवाली ताई, मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. कुस्तीची आणि कबड्डीची मुलं रोज येतात. मी डॉक्टर नव्हे, त्यामुळे खाली काहीही लिहिलं तरी मुलीला परत डॉक्टरांना दाखवायचंच आहे. आणि वरच्या दादांचं आदरपूर्वक बाजूला ठेवा. जपून पकड कशी करतात हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

तुमच्या मुलीला जे झालंय त्याला कन्कशन म्हणतात. मेंदूला बसलेला मुका मार. सीटी कशासाठी असतो? कवटीला तडा आहे का, आत रक्त साठलंय का, हे बघायला. ते नाही, ही फार चांगली बातमी आहे. पण कन्कशन त्या फोटोत दिसतच नाही. डोकं एकदम थांबतं किंवा गर्रकन फिरतं तेव्हा आतला मेंदू मागे राहतो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी परत बसवायला मेंदूला जास्त ताकद लागते आणि नेमका त्याच दिवसांत त्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा शिलाई मशीनची मोटर घुंघुं करते पण कापड ओढत नाही, तसं समजा. वायरमन येतो, तारा तपासतो, एकही तुटलेली नसते. त्याचं बरोबर असतं आणि तुमची शिलाईही झालेली नसते.

शुद्ध गेली नाही म्हणून मार किरकोळ, असं सरांनाही वाटलं असेल. कन्कशनच्या दहातल्या नऊ मुलांची शुद्ध जात नाही. उठून खेळतात. कधी चांगलं खेळतात.

जीपमधला प्रश्न वाचून माझ्या पोटात गोळा आला. मैदानाकडेला खेळाडूला विचारायचे पाच प्रश्न आहेत, मॅडॉक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन मानसतज्ज्ञाचे, १९९५ सालचे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? याआधीचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? एक जरी चुकला तरी बाहेर. पंतप्रधान कोण आणि आज वार कोणता असले प्रश्न यात नाहीत, कारण ती जुनी माहिती मार लागल्यावरही शाबूत असते. जाते ती आत्ताची. तुमच्या मुलीने पाचवा प्रश्न तुम्हालाच विचारला, तोही दोनदा.

झोपेचं. दवाखान्यात दाखवून आणल्यावर तिला झोपू द्यायला हवं होतं. काकूंचा राग धरू नका, सगळीकडे तेच सांगतात.

आता गुरुवार. सरळ हिशोब करू. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिचे नियम २०२३ मध्ये छापून आले. पहिले एक-दोन दिवस निवांत, मोबाईल कमी. त्यानंतर अंथरुणात पडून राहायचं नाही, हळूहळू चालणं वाढवायचं. मग हलकं पळणं. मग एकटीने पायांची हालचाल, मध्यरेषेपासून मागे-पुढे, अंगाला कुणी शिवणार नाही अशी. त्रास अगदी किंचित वाढला आणि तासाभरात ओसरला तर चालतं. इथवर थोडी लक्षणं असली तरी जाता येतं. पुढचे तीन टप्पे मात्र लक्षणं शून्य झाल्यावरच: संघासोबत बिनपकडीचा सराव, डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्यावर पकडीचा सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान चोवीस तास. त्रास जास्त वाढला तर थांबून दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न, आणि शेवटच्या तीन टप्प्यांत लक्षण दिसलं तर पुन्हा एकटीच्या हालचालीवर मागे. तुमच्या मुलीला पाचव्या दिवशी ट्यूबचा उजेड सहन होत नाही. गुरुवार कुठल्याच गणितात बसत नाही. मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात. ब्रिटनने २०२३ मध्ये गावपातळीवरच्या खेळांसाठी नियम केला, की सामन्याआधी किमान २१ दिवस जायला हवेत. अठराच्या आतल्या सगळ्यांना मी तोच लावते. पालक वैतागतात, चालतं.

एक राहिलं. शाळा आधी, मैदान नंतर. गणिताचा पेपर सोडवताना डोकं दुखत असेल तर पळायची घाई कशाला? वर्गशिक्षकांना सांगून आठवडाभर अर्धा दिवस पाठवा.

आणि हे झालं तर चाचणी-बिचणी विसरून त्याच क्षणी गाडी काढायची: परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा जोर कमी होणं, झटका, उठवूनही नीट जाग न येणं, किंवा पोरगी एकदम विचित्र, भांडखोर वागायला लागणं.

---

पहिल्या_स्लिपमधून (शनिवार, दुपारी १:०५)

सांधेजोड यांनी उत्तम लिहिलं आहे. मी निवृत्त माणूस, पंच्याहत्तरी ओलांडलेली, क्रिकेटपलीकडे मला काही कळत नाही. पण रक्त आलं की धावायचं आणि नाही आलं की वाघीण म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

मार्च १९६२. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला. हेल्मेट तेव्हा नव्हतीच. कवटी फुटली, सहा दिवस माणूस बेशुद्ध. फ्रँक वॉरेलने, म्हणजे वेस्ट इंडीजच्या कर्णधाराने, त्याच्यासाठी रक्त दिलं. आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरनेही दिलं. मी शाळेत होतो, वडील रेडिओला कान लावून बसायचे. कॉन्ट्रॅक्टर वाचला, प्रथम श्रेणीचं क्रिकेट पुढे खेळलाही, पण कसोटी पुन्हा नाही.

आता मुका मार बघा. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. बाहेर नेऊन तपासलं, पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकं जड घेऊन, मग सामन्याबाहेर. त्या १ ऑगस्टपासूनच कन्कशनचा बदली खेळाडू देण्याचा नियम कसोटीत लागू झाला होता, त्यामुळे लाबुशेन त्याच्या जागी खेळला. असा तो पहिलाच. म्हणजे जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना लक्षण एक रात्र उशिरा आलं. तुमच्या सरांकडे काय होतं? शिट्टी.

आणि आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्यात काय झालं? ३१ जानेवारी २०२५, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला, बदली म्हणून हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले. मग आठवडाभर नुसता गोंधळ: अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा? इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला, ते एक वेळ समजू शकतो. पण आमच्या कट्ट्यावर पंधरा म्हातारे तावातावाने भांडत होते, त्यात दुबेचं डोकं कसं आहे हे विचारणारा एकही नव्हता. मीही नव्हतो.

एक शंका. कबड्डीत डोक्याला काही गार्ड-बिर्ड घालता येणार नाही का?

---

सांधेजोड (शनिवार, दुपारी २:३०)

काका, दुबेच्या डोक्यावर हेल्मेट होतंच की. हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. शिवाय डोक्यावर काही आहे म्हटल्यावर पोरं अजून जोरात घुसतात.

---

मिसिसागाची_मावशी (रविवार, पहाटे ४:२०)

इथे कॅनडात शनिवारची संध्याकाळ आहे. मी मूळची सातारची, म्हणून मल्हारपेठ वाचून थांबले.

माझी मुलगी सॉकर खेळते. दर हंगामाच्या सुरुवातीला क्लबकडून एक माहितीपत्रक येतं. ते तिने आणि मी वाचायचं आणि वाचलं म्हणून कळवायचं, त्याशिवाय नोंदणी होत नाही. पहिल्या वर्षी मी न वाचताच टिचकी मारली. दुसऱ्या वर्षी, ज्या कायद्याने हे सक्तीचं केलंय त्याला एका मुलीचं नाव का आहे म्हणून शोधलं.

रोवन स्ट्रिंगर. ओटावाची, सतरा वर्षांची, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे २०१३ मध्ये आठवड्याच्या आत डोक्याला एकामागून एक मार बसले. तिला काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं. तिने फोनवर कन्कशनबद्दल शोधलं होतं, मैत्रिणीला मेसेज केले होते. आईवडिलांना सांगितलं नाही. पुढच्या सामन्यात परत आपटली ती उठलीच नाही, चार दिवसांनी गेली. पहिला मार भरला नसताना दुसरा बसला की मेंदूला सूज येते आणि ती आवरत नाही. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक पोरासोरांनाच. तिच्या मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीने ४९ शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये ऑन्टारिओत रोवनचा कायदा झाला. शंका आली की खेळाडू बाहेर, डॉक्टरांची परवानगी आल्याशिवाय आत नाही. कोच म्हणाला तरी नाही, आई म्हणाली तरी नाही.

मशीनवाली, तुमची मुलगी "मी बरी आहे" म्हणते ना? तिला तिच्या बरेपणाबद्दल विचारू नका. मैत्रिणीला काय सांगितलंय ते विचारा.

नियमांनी फरक पडतो का, तर पडतो. इथे आइस हॉकीत लहान मुलांना एकमेकांना अंगाने धडका द्यायला बंदी केली, तर कन्कशन ५८ टक्क्यांनी उतरली. सांधेजोड यांनी सांगितलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या कागदातच आहे तो आकडा. अमेरिकन फुटबॉलमध्ये सरावातल्या धडका मोजून कमी केल्या, तिथे ६४ टक्के.

---

मशीनवाली (रविवार, रात्री ९:१५)

मावशी, तुमचं वाचून तिला घेऊन ओढ्यापर्यंत चालत गेले. घरात धाकटा असतो, बोलता येत नाही. म्हटलं, कुणाला काय सांगितलंयस?

आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, सोमवारी शाळेच्या बाथरूममध्ये परत उलटी झाली होती. फळ्यावरचं हलल्यासारखं दिसतं. आणि त्या दोन पकडी, ज्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं, त्या तिला आठवतच नाहीत. मैत्रिणीच्या मोबाईलवर व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं. म्हणाली, "आई, ती मुलगी माझ्यासारखी खेळत होती, पण मी नव्हते."

उद्या परत डॉक्टरांकडे नेतेय. सांधेजोड ताई, पाच प्रश्न आणि ते टप्पे ब्लाउजच्या पॅटर्नच्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलेत. सरांना देणार आहे. सर वाईट नाहीत हो. स्वतःच्या पैशातून पोरींना केळी आणतात.

---

पट्टीचा_चढाईपटू (रविवार, रात्री १०:००)

ताई, चाचणीचं मी लिहिलेलं विसरा.

सरांना अजून दोन गोष्टी सांगा. एक, कोपरा खाली गेला की कव्हरने खाली जायचं नाही, कमरेला जायचं. तुमच्या दोघी एकाच पायासाठी गेल्या, तिथेच घोटाळा झाला. सरावात आवाज द्यायची सवय लावा: जी आधी निघते ती ओरडते, दुसरी वरून बंद करते. आम्ही "घेतली" म्हणायचो. मांडीला पकड करताना डोकं चढाईपटूच्या गुडघ्यापुढे कधीच येता कामा नये, ते मागच्या बाजूला, कान तिच्या कमरेला. हे नुसतं चालत शंभरदा करून घ्यायचं, मग पळत.

दोन, रोज फुल सामना खेळवू नका. आमचे वस्ताद रोज खेळवायचे, पोरं सरावातच जास्त फुटायची. आठवड्यात दोन दिवस बास, बाकीचे दिवस पाय आणि दम.

---

मशीनवाली (पुढचा शुक्रवार, रात्री ११:०५)

आठवडा झाला म्हणून कळवते. डॉक्टरांनी तीन आठवडे लिहून दिले. सर आधी नाराज झाले, म्हणाले, तिने मैदानावरच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, सर, जिला आपण जिंकलो का हे माहीत नाही, ती काय सांगणार? ते गप्प बसले. मग कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. आता तो क्रीडासाहित्याच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. बाहेरून लावा म्हटलं तर म्हणाले, बघू.

पोरगी सुधारतेय. अर्धा दिवस शाळा सुरू आहे. परवापासून ओढ्यापर्यंत भरभर चालते. आज गटाचे पैसे मोजायला दिले, मुद्दाम, पहिल्याच फटक्यात चोवीसशे. मग मला म्हणते, आई, मागच्या वेळचे तू परत मोजलेस का? मोजले होते. बरोबर होते.

गुरुवारी चाचणी झाली. आमची गेली नाही. दिवसभर गोधडी घेऊन पडली होती, मी काही बोलले नाही.

पण आता दुसराच घोर लागलाय. ती कव्हर, जिला टाके पडले, ती चाचणीला गेली. भुवईवर पट्टी लावून खेळली आणि निवडून आली. गावात पेढे वाटले, आमच्याकडेही आले. डोकं तर दोघींचं एकाच वेळी आपटलं होतं ना? टाके घातले, टाके काढले, संपलं. आज शाळेच्या फाटकात दिसली, तर सावलीत उभी राहून डोळ्यांवर हात धरून होती. ऊन फार नव्हतं.

सांगायला जाऊ का? माझ्या पोरीची संधी गेली म्हणून हिच्या पोटात दुखतंय, असंच म्हणणार. मी त्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

---

सांधेजोड (शनिवार, सकाळी ७:१०)

म्हणू द्या. आज जा. सरावाला परत जायच्या आधी जा. मुलीला सोबत न्या, तुमच्यापेक्षा तिचं ऐकतील. आणि तिच्या आईला फक्त एवढंच सांगा, की टाके घालणाऱ्यांनी जखम बघितली, डोकं बघायचं राहिलंय, ते एकदा दाखवून घेऊ. लागलं तर माझा रविवारचा वेळ मोकळा आहे.

---

मशीनवाली (शनिवार, रात्री ८:३०)

जाऊन आले. पेढ्याचा डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले. तिच्या आईने चहा टाकला, इकडचं तिकडचं झालं. मला विषय काढता येईना. शेवटी आमचीच म्हणाली, "काकू, आम्ही एक खेळ खेळतो," आणि तिच्याकडे वळून विचारलं, "त्या रविवारी शेवटचा गुण कुणी घेतला गं?"

ती हसली. मग थांबली. मग आमच्या पोरीच्या तोंडाकडे बघायला लागली. तिच्या आईने गॅस बंद केला.